स्टेंट टाकल्यानंतर हृदयावर लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

मधलीसुट्टी

बाबा ६४ वर्षांचे. काही महिन्यांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला आणि त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली. डाव्या बाजूच्या पुढच्या धमनीत, म्हणजे एलएडीत, एक स्टेंट आहे. उजव्या धमनीत ४० टक्के अडथळा होता, तो तसाच ठेवलाय. "औषधांवर बघू" म्हणाले. आता बरे आहेत, रोज चालतात, त्यांची स्वतःची काही तक्रार नाही.

तक्रारी आहेत त्या घरातल्या बाकीच्यांच्या. भावाचं म्हणणं, दर वर्षी एकदा अँजिओग्राफी करूनच टाकावी, आत बघितल्याशिवाय कळणार कसं? आई दिवसभर बीपीचं मशीन घेऊन मागे असते आणि आकडा जरा वर दिसला की बाबांना सक्तीने आडवं करते. बाबा म्हणतात, नळी मोकळी झाली ना, मग आता एवढ्या गोळ्या कशाला? डिस्चार्ज कार्डावर "नियमित फॉलो-अप" एवढेच दोन शब्द आहेत. डॉक्टर चांगले आहेत, पण ओपीडीत गर्दी इतकी की विचारायचं ते हमखास राहून जातं.

ज्यांच्या घरी हे झालंय किंवा जे या क्षेत्रात आहेत त्यांनी कृपया सांगा. कोणत्या तपासण्या, कधी? घरी कशाकडे बघायचं? पुन्हा अडथळा होत असेल तर आधी कळतं का?

नाडीपरीक्षक

मी फिजिशियन आहे, हृदयरोगतज्ज्ञ नाही. पण स्टेंट झाल्यावर पेशंट पुढे वर्षानुवर्षं आमच्यासारख्यांकडेच येतात. तुमच्या बाबांना मी तपासलेलं नाही, तेव्हा इथलं वाचून औषधात परस्पर काहीही बदल करू नका.

भावाचा प्रश्न आधी घेतो, कारण तो घरोघरी निघतो. लक्षणं नसताना ठरावीक काळाने अँजिओग्राफी, स्ट्रेस टेस्ट (हृदयावर ताण देऊन केलेली तपासणी) किंवा सीटी अँजिओ करत राहण्याचा फायदा दिसलेला नाही. याची थेट चाचणी झाली आहे. दक्षिण कोरियात स्टेंट टाकलेल्या, तेही जास्त धोक्याच्या गटातल्या, १७०६ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाची वर्षाने ठरवून स्ट्रेस टेस्ट केली, दुसऱ्या गटाची फक्त गरज वाटली तर. दोन वर्षांनी मृत्यू, हार्ट अटॅक किंवा छातीदुखीमुळे भरती होणं यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता: ५.५ टक्के आणि ६ टक्के. हा 'पोस्ट-पीसीआय' अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकी संस्थांच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात की तब्येतीत बदल नसेल तर ठरावीक अंतराने अशा तपासण्या करू नयेत.

असं का, हे घरच्यांना समजावता आलं तर वाद मिटतो. स्ट्रेस टेस्टमध्ये रक्तप्रवाह अडेल इतका मोठा अडथळाच दिसतो. हार्ट अटॅक मात्र पुष्कळदा नळीच्या भिंतीतल्या अशा चरबीच्या थरामुळे येतो ज्याने नळी फारशी अरुंद केलेलीच नसते. तो थर अचानक फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि काही मिनिटांत नळी बंद होते. म्हणजे कालची टेस्ट उत्तम आणि आज अटॅक, हे शक्य आहे. तुमच्या बाबांचा तो ४० टक्के अडथळा फोटो काढून शांत होणार नाही, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, खाली आणून होईल. बाबांच्या "एवढ्या गोळ्या कशाला" या प्रश्नाचं उत्तरही हेच. स्टेंटने एक जागा उघडली; आजार सगळ्याच नळ्यांमध्ये आहे.

पुन्हा अडथळा होण्याबद्दल: हल्लीच्या औषध लावलेल्या स्टेंटमध्ये तो शंभरात साधारण पाच ते दहा जणांना होतो, आणि झाला तर बहुधा पहिल्या वर्षाच्या आसपास. तो हळूहळू येतो आणि बहुतेकांना चालताना, चढताना जाणवतो. स्टेंटमध्ये अचानक गुठळी होणं ही वेगळी आणि फार घातक गोष्ट आहे. ती टाळण्याचा सर्वांत हातातला मार्ग म्हणजे गोळ्या मध्येच बंद न करणं.

शंकासुर

डॉक्टर, आदर आहे, पण हे पचत नाही. माझ्या ओळखीत एकाला काडीचा त्रास नव्हता. चेकअपमध्ये स्ट्रेस टेस्ट बिघडली, अँजिओत ९० टक्के निघाला, लगेच दुसरा स्टेंट. टेस्ट केली नसती तर माणूस गेला असता की! तुमच्या हिशेबाने त्याने काहीच करायला नको होतं?

आकडेमोड

शंकासुर, "गेला असता" हे आपण गृहीत धरतो. ते तपासायला 'इस्केमिया' नावाचा मोठा अभ्यास झाला, निष्कर्ष २०२० मध्ये छापून आले. ५१७९ रुग्ण, सगळ्यांच्या तपासणीत हृदयाला रक्त कमी पडतंय असं मध्यम ते तीव्र प्रमाणात दिसलेलं. अर्ध्यांना औषधं अधिक लगेच अँजिओ आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास. उरलेल्यांना आधी फक्त औषधं. तीन-चार वर्षांत मृत्यूंमध्ये फरक पडला नाही. ज्यांना छातीत दुखत होतं त्यांचा त्रास मात्र स्टेंट-बायपासने जास्त कमी झाला. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले किंवा हृदयाचं पंपिंग फार कमी असलेले लोक त्यात घेतले नव्हते, हे ध्यानात ठेवायचं.

आणि हे स्थिर आजाराबद्दल आहे. अटॅक चालू असताना नळी उघडणं जीव वाचवतं, त्यात वाद नाही.

नाडीपरीक्षक

आकडेमोड यांनी नेमकं सांगितलं. शंकासुर, तुमच्या शंकेतला एक भाग मात्र खरा आहे आणि तो मी लिहायला हवा. मधुमेह असलेल्यांना, वयस्करांना आणि बऱ्याच बायकांना छातीत "दुखत" नाही. जिना चढताना नेहमीपेक्षा लवकर दम लागतो, जबडा किंवा खांदा भरून येतो, अकारण थकवा येतो, पोटात वर दाटल्यासारखं होतं. यालाही लक्षणच म्हणायचं. "दुखत नाही ना?" एवढंच विचारून मोकळं होऊ नका. शिवाय डाव्या मुख्य धमनीत स्टेंट असेल, गुंतागुंतीचं काम झालं असेल, तर तुमचे कार्डिओलॉजिस्ट वेगळं ठरवतील. ते त्यांनी ठरवायचं. चेकअपच्या पॅकेजात टेस्ट आहे म्हणून ती करायची नाही.

वहीवाली

मी स्वतः स्टेंटवाली आहे. तपासण्यांचं डॉक्टर सांगतीलच, मी रोजचं सांगते.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे तोच जिना. एक ठरलेली वाट आणि ठरलेला चढ धरायचा आणि आठवड्यातून एकदा वहीत एवढंच लिहायचं: न थांबता झालं का, बोलता येत होतं का, वर पोचल्यावर श्वास किती वेळात जागेवर आला. रोज नाही, आठवड्यातून एकदा. एखादा दिवस झोप नीट नसते, उकाडा असतो, त्यावरून काही ठरत नाही. पण दोन-तीन आठवडे सलग तोच चढ जड जायला लागला तर डॉक्टरांपुढे वही ठेवता येते. "हल्ली थोडं दमायला होतं" याला कोणी फारसं मनावर घेत नाही. "मागच्या महिन्यात न थांबता होत होतं, आता मध्ये थांबावं लागतं" म्हटलं की डॉक्टर पेन खाली ठेवून बघतात.

व्यायामाच्या वेळी नाडीचे ठोके मोजून अमुक आकडा गाठायचा हे सूत्र बीटा ब्लॉकर चालू असेल तर लागू पडत नाही. ती गोळी ठोके वाढूच देत नाही. आम्हाला पुनर्वसनाच्या वर्गात शिकवलं होतं की चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येता कामा नये. बोलताना वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा.

तुमच्या इथे कार्डिॲक रिहॅब असेल तर बाबांना जरूर घाला. बरेच लोक "मी चालतो की रोज" म्हणून जात नाहीत. देखरेखीखाली दमून बघितलं की भीती जाते, हा माझा अनुभव. आईलाही सोबत न्या, तिला जास्त गरज दिसते आहे.

आकडेमोड

वहीत लिहिण्यासारख्या आकड्यांपैकी एलडीएलवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे सगळ्यात जास्त फसगत होते.

लॅबच्या रिपोर्टवर एलडीएलसमोर "१०० पेक्षा कमी" असं काहीतरी छापलेलं असतं. तुमचा ८८ आला की घरचे म्हणतात, नॉर्मल आहे! तो कागद निरोगी माणसासाठी छापलेला आहे. ज्याला हृदयाचा आजार सिद्ध झालाय त्याच्यासाठी २०१९ च्या युरोपीय सूचनांनुसार लक्ष्य ५५ मिलिग्रॅमच्या खाली आहे, आणि शिवाय मूळ आकड्याच्या निम्म्याहून जास्त घट व्हायला हवी. दोन वर्षांच्या आत दुसरा झटका आला असेल तर ४० चा विचार करतात. काही डॉक्टर ७० हे लक्ष्य धरतात, त्यामुळे आपल्या डॉक्टरांना सरळ विचारायचं: माझा आकडा किती हवा? तो उत्तर म्हणून कार्डावर लिहून घ्यायचा.

गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर चार ते बारा आठवड्यांत पुन्हा तपासतात. लक्ष्य गाठलं की वर्षातून एकदा. अटॅकच्या वेळी भरती असताना केलेल्या तपासणीवर विसंबू नका. अटॅकनंतर पहिल्या दिवसापासूनच कोलेस्टेरॉल तात्पुरतं खाली येऊ शकतं, त्यामुळे तो आकडा फसवा निघतो.

स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या नेहमीच्या गोळीचा, डोस दुप्पट केला तरी एलडीएल आणखी साधारण सहा टक्केच उतरतो. म्हणून डोस वाढवत बसण्याऐवजी इझेटिमाइब ही वेगळी गोळी जोडतात, त्याने सुमारे वीस टक्के आणखी उतरतो. "दुसरी गोळी का वाढवली" म्हणून चिडू नका, त्यामागे हे गणित असतं.

आणखी एक: लायपोप्रोटीन (ए) हा रक्तातला आणखी एक चरबीचा घटक आयुष्यात एकदा तपासून घ्यावा असं सुचवलं जातं. तो बहुतांशी आनुवंशिक असतो. बाबांचा जास्त निघाला तर तुम्ही भावंडांनीही करून घ्या.

शंकासुर

स्टॅटिन म्हटलं की पाय दुखतात. दहा जणांना विचारा, आठ जण सांगतील.

आकडेमोड

हाच प्रश्न 'सॅमसन' नावाच्या छोट्या पण फार हुशारीने आखलेल्या अभ्यासात विचारला होता (२०२०). त्रासामुळे स्टॅटिन सोडलेले ६० लोक घेतले. त्यांना वर्षभर महिन्याला एक बाटली: चार महिने स्टॅटिन, चार महिने तशीच दिसणारी खोटी गोळी, चार महिने रिकामी बाटली, क्रम उलटसुलट. त्रास रोज नोंदवायचा. स्टॅटिनवर जेवढा त्रास झाला त्याच्या ९० टक्के खोट्या गोळीवरही झाला! दुखणं खरंच होतं, लोक नाटक करत नव्हते. पण कारण गोळीतलं औषध नव्हतं. हे कळल्यावर निम्म्यांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं.

नाडीपरीक्षक

याला पुस्ती. स्नायूंना खरी इजा होणं दुर्मीळ आहे, पण होतं. दोन्ही मांड्या किंवा खांदे दुखून अशक्तपणा आला, लघवी गडद तपकिरी झाली तर वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. तेव्हा सीके नावाची, स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी करतात. एरवी कुठलंही लक्षण नसताना सीके करत राहायची गरज नाही. यकृताची एएलटी (एसजीपीटी) सुरुवातीला एकदा, पुढे कारण असेल तर.

बाकी रक्ततपासण्या गोळ्यांवरून ठरतात. एसीई इन्हिबिटर किंवा सार्टन गटातली (बीपी आणि हृदयासाठीची) गोळी असेल तर क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत तोवर हिमोग्लोबिन, कारण पोटात थेंबथेंब रक्तस्राव होत राहिला तर माणूस नुसताच फिकट आणि दमलेला दिसतो. काळी, डांबरासारखी शौचास झाली तर लगेच सांगा. मधुमेह असो वा नसो, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) अधूनमधून. ट्रोपोनिन ही अटॅक ओळखायची तपासणी आहे, दर तीन महिन्यांनी "बघून घेऊ" म्हणून करायची नाही.

पायवाट

दोन रक्त पातळ गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर हे लिहितो. माझ्या मेव्हण्यांना स्टेंटनंतर टिकॅग्रेलॉर दिलं होतं. काही दिवसांनी बसल्या जागी श्वास अपुरा पडल्यासारखं वाटायला लागलं. घाबरून पळालो, ईसीजी, इको सगळं ठीक. मग डॉक्टरांनी सांगितलं की हा त्या गोळीचाच ओळखीचा परिणाम आहे. गोळी बदलून दिली, त्रास गेला. आधी कोणी सांगितलं असतं तर एक रात्र वाचली असती.

नाडीपरीक्षक

बरोबर. २००९ मध्ये आलेल्या 'प्लेटो' अभ्यासात टिकॅग्रेलॉर घेणाऱ्यांपैकी १३.८ टक्के लोकांना धाप लागल्याची नोंद होती, त्याच कामाच्या क्लोपिडोग्रेल या गोळीवर ७.८ टक्के. बहुतेकांना ती सौम्य असते आणि काही दिवसांत ओसरते. मेव्हण्यांनी केलं तेच योग्य: आधी हृदय तपासून घेतलं, मग डॉक्टरांनी गोळी बदलली. स्वतः बंद केली असती तर नव्या स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका होता. आणि ही गोळी दिवसातून दोनदा असते. संध्याकाळची विसरणारे फार.

साधारण नियम असा की अटॅकनंतरच्या स्टेंटला ॲस्पिरिनसोबतची दुसरी गोळी १२ महिने, अटॅक नसताना ठरवून टाकलेल्या स्टेंटला ६ महिने. रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर याहून कमी. बंद करायची तारीख कार्डिओलॉजिस्टकडून लिहून घ्या. पुढे एकच गोळी राहते, ती सहसा कायमची.

अजून दोन गोष्टी ज्या औषधाच्या दुकानात घोटाळा करतात. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ॲसिडिटीसाठी ओमेप्रॅझोल आणि इसोमेप्रॅझोल टाळतात, त्यांच्यामुळे क्लोपिडोग्रेल शरीरात नीट कार्यरत होत नाही, पॅन्टोप्रॅझोल चालतं. आणि अंगदुखीला आयबुप्रोफेन नको. ते ॲस्पिरिनच्या कामात आडवं येतं आणि रक्तस्रावही वाढवतं. पॅरासिटामॉल घ्या.

गच्ची

स्मार्टवॉच घ्यावं का? आमच्याकडे सासऱ्यांना मुलांनी भेट दिलंय. ते रात्री उठून ईसीजी काढतात आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतात. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही आहे.

वहीवाली

गच्ची, हसू आलं पण मी तो टप्पा जवळून बघितलाय. मला सुरुवातीला रात्री उशीला कान लावला की स्वतःचे ठोके ऐकू यायचे आणि झोप उडायची. तेव्हा हातात घड्याळ असतं तर मीही तेच केलं असतं.

नाडीपरीक्षक

घड्याळ एकाच दिशेने हृदयाची विद्युत नोंद घेतं. ठोके अनियमित आहेत का, विशेषतः एट्रियल फिब्रिलेशन आहे का, हे सांगण्यात ते बऱ्यापैकी उपयोगी आहे. हार्ट अटॅक ओळखायला बारा लीडचा ईसीजी लागतो, आणि तोही कधीकधी सुरुवातीला नॉर्मल येतो. छातीत दुखतंय आणि घड्याळ "सामान्य" म्हणतंय म्हणून घरी थांबणं, यासारखी वाईट गोष्ट नाही. ऑक्सिमीटरचा हृदयाच्या नळीतल्या अडथळ्याशी काही संबंध नाही. नळी ९० टक्के बंद असतानाही तो ९८ दाखवेल.

बीपीचं मशीन मात्र कामाचं आहे, नीट वापरलं तर. मनगटाचं नको, दंडाचं घ्या, पट्टा दंडाच्या मापाचा हवा. अर्धा तास आधी चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प बसा; दंड हृदयाच्या पातळीवर, मोजताना बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी. डॉक्टरांकडे जाण्याआधीचा एक आठवडा हे करा, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. बहुतेकांसाठी १३०/८० च्या खाली हवं. दिवसभर पुनःपुन्हा मोजलं तर आकडा वरखाली दिसणारच, तो निरोगी माणसाचाही होतो. आणि काळजीने मोजलेलं बीपी काळजीनेच वाढलेलं असतं.

मधलीसुट्टी

सर्वांचे मनापासून आभार. वहीवाली ताई, तुमचा जिन्याचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला, लगेच पटला.

एक राहिलं होतं. डिस्चार्जच्या वेळी टूडी इकोत पंपिंग ४० टक्के लिहिलं होतं. बाबा तेव्हापासून मनात धरून बसलेत की "माझं हृदय ४० टक्केच चालतं". हे वाढतं का?

नाडीपरीक्षक

पहिलं म्हणजे ते शंभरापैकी गुण नाहीत. डावा कप्पा भरल्यावर त्यातलं किती रक्त एका ठोक्याला बाहेर फेकलं जातं, ते प्रमाण आहे. पूर्ण निरोगी हृदयही साधारण ५५ ते ७० टक्केच फेकतं. बाबांना हे सांगा.

दुसरं, अटॅकच्या लगेच नंतरचा इको पुष्कळदा कमी दाखवतो. रक्त तुटलेला स्नायू मेलेला नसतो, काही काळ सुन्न असतो. नळी उघडल्यावर तो आठवड्यांनी कामाला लागतो. म्हणून इको पुन्हा साधारण सहा ते बारा आठवड्यांनी करतात. तुमचा झाला नसेल तर ही एक तपासणी मागून घ्या. दुरुस्तीचा वेळ देऊनही, म्हणजे अटॅकनंतर किमान ४० दिवस आणि स्टेंटनंतर तीन महिने उलटूनही, पंपिंग ३५ किंवा त्याखाली राहिलं तर आयसीडी हे, ठोके जीवघेणे बिघडले तर विजेचा झटका देऊन सावरणारं, उपकरण बसवण्याचा विचार होतो. पंपिंग सुधारलं आणि तब्येत स्थिर असेल तर दर वर्षी इको लागतोच असं नाही.

पंपिंग कमी असेतोवर वजनकाटा वापरा. सकाळी उठल्यावर, लघवीनंतर, रोज त्याच वेळी. तीन दिवसांत दोन किलो वाढ, पावलांवर सूज, आडवं झाल्यावर धाप, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी फोन.

पायवाट

घरी जिभेखालची गोळी ठेवायला सांगतात, ती नेमकी कधी घ्यायची हे कोणी सांगत नाही. मेव्हणे तर पाकिटात ठेवून विसरले होते, चुरा झालेला.

नाडीपरीक्षक

छातीत दाब, जळजळ, किंवा त्यांच्या पहिल्या अटॅकसारखं काही वाटलं की हातातलं काम सोडून खाली बसायचं. उभ्याने घेतली तर बीपी पडून चक्कर येते. एक गोळी जिभेखाली. पाच मिनिटांत थांबलं नाही किंवा वाढत गेलं तर रुग्णवाहिका. स्वतः गाडी चालवत जायचं नाही. गोळीने बरं वाटलं तरी हे नव्याने सुरू झालेलं असेल तर त्याच दिवशी दाखवायचं. लैंगिक ताठरतेसाठी घेतात त्या गोळ्यांपैकी सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तास आणि टॅडालाफिल घेतल्यापासून ४८ तास ही जिभेखालची गोळी घ्यायची नाही, बीपी धोकादायक पडू शकतं. लाजेने हे कोणी विचारत नाही आणि डॉक्टरही सांगायचं टाळतात, म्हणून इथे लिहून ठेवतो. त्याच ओघात: दोन मजले न थांबता, न दुखता चढता येत असतील तर शरीरसंबंधाला सहसा अडचण नसते.

वहीवाली

डॉक्टर, मनाचं कोणीच काढलं नाही, मी काढते. अटॅकनंतर सुमारे पाचात एकाला नैराश्य येतं असं मला पुनर्वसनात सांगितलं होतं. माझ्यासोबतचे एक गृहस्थ सगळे आकडे उत्तम असून गप्प गप्प होत गेले, गोळ्या चुकवायला लागले. घरचे म्हणायचे, "आजारपणाने शांत झालेत." मधलीसुट्टी, बाबांना आवडणाऱ्या गोष्टीत रस वाटतोय का, झोप लागते का, हेही विचारत जा. दोन आठवडे तसंच राहिलं तर डॉक्टरांना सांगा, त्यालाही उपचार आहेत.

नाडीपरीक्षक

पूर्ण सहमत. नैराश्य असलेल्यांमध्ये पुढच्या झटक्याचं प्रमाण जास्त दिसतं, तेव्हा हा हृदयाचाच प्रश्न आहे.

फ्लूची लस राहून गेली. २०२१ च्या 'आयएएमआय' अभ्यासात अटॅकनंतर लगेच फ्लूची लस दिलेल्यांमध्ये वर्षभरातले मृत्यू २.९ टक्के होते, खोटी लस दिलेल्यांत ४.९ टक्के. ती दर वर्षी घ्यायची असते.

शंकासुर

लसीला स्टेंटशी काय देणंघेणं, असं विचारणार होतो. पण आकडे बघून गप्प बसतो. आजच्यापुरता.

गच्ची

माझा शेवटचा. सासऱ्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, अटॅक आणि स्टेंट होऊन वर्ष व्हायला अजून वेळ आहे. ऑर्थोवाले म्हणतात रक्त पातळ गोळ्या बंद करून या. किती दिवस आधी बंद करायच्या?

नाडीपरीक्षक

आधी ऑपरेशनच्या तारखेचा विचार करा. अटॅकनंतरच्या स्टेंटला थांबता येण्यासारखं ऑपरेशन शक्यतो १२ महिन्यांनंतर करतात. गुडघा थांबू शकतो. कार्डिओलॉजिस्टने परवानगी दिलीच, तर दोन्ही गोळ्या एकदम बंद होत नाहीत: ॲस्पिरिन सहसा चालू ठेवतात, दुसरी गोळी ती कोणती आहे त्यानुसार तीन ते सात दिवस आधी थांबवतात आणि ऑपरेशननंतर पुन्हा कधी सुरू करायची तेही ठरवतात. सर्जन आणि कार्डिओलॉजिस्ट या दोघांचं म्हणणं एकाच कागदावर येईपर्यंत एकही गोळी चुकवू देऊ नका.

दात काढायला मात्र या गोळ्या बहुधा बंद करत नाहीत. दंतवैद्याला आधी सांगायचं, तो जागेवरच रक्त थांबवायची तयारी ठेवतो. एमआरआय लागला तर हल्लीच्या हृदयातल्या स्टेंटला चालतो. स्टेंटचं कार्ड सोबत न्या, त्यावर प्रकार, माप, कुठली धमनी आणि तारीख असते. त्याचा फोटो सासऱ्यांच्या आणि तुमच्या, दोघांच्याही मोबाइलमध्ये असू द्या.

गच्ची

कार्ड सासूबाईंकडे आहे, फोटो आजच काढते. ऑर्थोवाल्यांना फोन करून तारीख पुढे घ्यायला सांगते.